कूटदन्त सुत्त : बी-बियाणे, भांडवल आणि वेतन



शस्त्रे, सजीव, मांस, मद्य व विष यांचा व्यापार करू नये, एवढ्यावरच सम्यक आजीविकेचा पाठ पुष्कळदा संपतो. पण ज्याच्या हाताला कामच नाही, त्याने कोणता धंदा टाळावा? याचे उत्तर दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात सापडते.

महाविजित राजाला मोठा यज्ञ करावयाचा होता. पुरोहिताने त्यास थांबविले. राज्यात गावे लुटली जात होती, वाटा सुरक्षित नव्हत्या. अशा वेळी कर बसविणे अयोग्य. चोरांना ठार मारून वा कैदेत टाकूनही उपद्रव मिटणार नाही, कारण उरलेले पुन्हा लोकांना छळतील. म्हणून शेती व गोपालन करणाऱ्यांस बी-बियाणे व चारा द्यावा, व्यापाऱ्यांस भांडवल द्यावे, राजसेवकांस अन्न व वेतन द्यावे. राजाने तसे केले. लोक आपापल्या कामाला लागले, महसूल वाढला आणि घरांची दारे उघडी राहू लागली.

येथे भीक नाही, साधन आहे. ज्याचे जे काम, त्याला त्याचे साधन.

आता वेतन कसे असावे? सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : ताकदीप्रमाणे काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात शुश्रूषा करणे, चांगलेचुंगले वाटून खाणे आणि वेळेवर सुट्टी देणे. त्याच सुत्तात मिळकतीचे चार भाग करून दोन भाग धंद्यात घालावेत व एक अडचणीसाठी राखावा, असा उपदेश आहे.

प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. किमान वेतनाचे विधेयक 1946 साली मांडले गेले, 1948 साली कायदा झाला. संविधानाचे कलम 43 याहून पुढे जाऊन निर्वाह वेतनाचे ध्येय ठेवते. किमान वेतनाने पोट भरते. निर्वाह वेतनात मुलांचे शिक्षण, औषधपाणी व म्हातारपणाची तरतूदही येते. मात्र हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने त्यासाठी थेट कोर्टात जाता येत नाही.

भांडवलासाठी 1978 साली महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ स्थापन झाले. केंद्र सरकारच्या 2012 च्या खरेदी धोरणात 4 टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून करण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले.

शासनाचे काम शासनाकडून मागून घ्यावेच. पण आपल्या वस्तीकडेही पाहू या. आपल्या बांधवाच्या किराणा दुकानात आपण उधारी ठेवतो आणि बाजारात मात्र रोख मोजतो. मग ते दुकान वर्षभरात बंद पडले तर दोष कोणाचा? उलट, कर्ज काढून शिवणकामाचा वा छपाईचा कारखाना काढणारा आपलाच बांधव “घरचाच पोरगा आहे” म्हणून निम्म्या मजुरीवर राबवून घेतो. घरचा म्हणून वेतन कमी, हा न्याय धम्मात बसत नाही. गावकीच्या कामाचा मोबदला म्हणून शिळे तुकडे घेणाऱ्यांची आपण लेकरे आहोत. पूर्ण मजुरीचा अर्थ आपल्याला दुसऱ्याने शिकविण्याची गरज नाही.

अभ्यासासाठी प्रश्न :
1. पुरोहिताने शिक्षेचा मार्ग का नाकारला?
2. किमान वेतन व निर्वाह वेतन यांत फरक काय?
3. आपल्या वस्तीत किती जण धंदा करतात, आणि आपण त्यांच्याकडून रोखीने काय घेतो?