नकाशावर आपली खूण नेमक्या जागी कशी बसवावी?

सातारा आणि सांगलीच्या बाजारपेठेत पत्ता सांगण्याची रीत आता बदलली आहे. पूर्वी "मोती चौकातून खण आळीत या, डाव्या हाताला तिसरे दुकान" एवढे सांगितले की हमाल बरोबर पोहोचत असे. आज सुरत किंवा भिवंडीहून माल घेऊन निघालेला ड्रायव्हर कोणाला विचारत नाही. तो मोबाईलवरचा नकाशा पाहतो आणि खूण दिसेल तेथे गाडी उभी करतो. खूण दोन गल्ल्या पलीकडे असेल तर गाडीही दोन गल्ल्या पलीकडे थांबते, हमाली दुप्पट द्यावी लागते आणि अरुंद पेठेत ट्रक मागे घेताना जो गोंधळ होतो तो वेगळाच. म्हणून हा विषय संगणकवाल्या मुलांचा आहे असे समजून व्यापारी बंधूंनी सोडून देऊ नये. तो हमालीचा आणि भाड्याचा विषय आहे.

तयार नकाशावरचा लाल थेंब सर्वांच्या ओळखीचा आहे. परंतु आता अनेक दुकानदार आणि कारागीर स्वतःची खूण काढून घेतात. कोणी कापडाचा तागा, कोणी हळकुंड, तर कोणी सतार. चांगली गोष्ट आहे, गिऱ्हाईकाच्या लक्षात राहते. मात्र तयार थेंब कोठे टेकवायचा हे नकाशावाल्याने आधीच ठरवून ठेवलेले असते. आपण काढलेल्या खुणेचे तसे नसते. ती कोठे टेकवायची हे आपल्यालाच सांगावे लागते, आणि नव्वद टक्के घोटाळा येथेच होतो.

प्रथम ही खूण असते कशी ते पाहू. चित्र संगणकात दोन प्रकारे ठेवता येते. एक प्रकार जॅकार्डच्या ग्राफ कागदासारखा. चौकटी मोजायच्या आणि प्रत्येक चौकटीत एक रंग भरायचा. असे चित्र मोठे केले की चौकटी दिसू लागतात. दुसरा प्रकार भरतकामाच्या खाक्यासारखा. येथून तेथपर्यंत रेघ, तेथून असे वळण, एवढेच आकड्यांत लिहिलेले असते. हा खाका कितीही मोठा करा, रेघ साफ राहते. या दुसऱ्या प्रकाराला व्हेक्टर म्हणतात आणि नकाशाच्या खुणेसाठी तोच घ्यावा. त्याची फाईल बहुधा एसव्हीजी नावाची असते. या फाईलच्या सुरुवातीलाच एक चौकट दिलेली असते, उदाहरणार्थ २४ बाय २४. आतील सर्व आकडे या चौकटीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजतात. आडवे आकडे उजवीकडे वाढतात आणि उभे आकडे खाली वाढतात. शाळेत आपण आलेख काढताना उभे आकडे वर वाढवत होतो, त्याच्या हे उलटे आहे. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुढचे पुष्कळ सोपे होते.

आता मुख्य मुद्दा. चौकटीतला कोणता बिंदू जमिनीवर टेकणार? त्याला इंग्रजीत अँकर म्हणतात, आपण टेकबिंदू म्हणू. ठसे उमटवणाऱ्या छिप्यांना हे समजावून सांगायला नको. त्यांच्या लाकडी ठशाच्या कोपऱ्यात एक बारीक खूण असते. पुढचा ठसा ठेवताना ते बेलबुट्टीकडे पाहत नाहीत, त्या खुणेकडे पाहतात. नकाशाचेही तसेच आहे. चित्र कितीही सुंदर असो, जमिनीशी नाते फक्त टेकबिंदूचे.

समजा, खूण ३२ पिक्सेल उंच आहे आणि तिचे टोक खाली आहे. बनवणाऱ्याने टेकबिंदू सांगितलाच नाही. लीफलेट नावाची एक फुकट आणि फार वापरली जाणारी नकाशाची सोय आहे. तिला खुणेचे माप दिले पण टेकबिंदू दिला नाही, तर ती चित्राचा मध्य धरते. म्हणजे आपले टोक खऱ्या जागेच्या १६ पिक्सेल खाली, अर्थात दक्षिणेला, दिसेल. सोळा पिक्सेल म्हणजे जमिनीवर किती? हा हिशेब प्रत्येकाने एकदा करून पाहावा असा आहे.

या नकाशांत सर्वांत लांबून पाहिले की सारी दुनिया २५६ पिक्सेलच्या चौकोनात मावते. झूमची एक पायरी चढली की नकाशा दुप्पट होतो. आपल्या भागात, म्हणजे सुमारे १७ अक्षांशावर, अठराव्या पायरीवर एक पिक्सेल साधारण ५७ सेंटिमीटरचा असतो. तेथे १६ पिक्सेलची चूक म्हणजे नऊ मीटर, तीस फूट. दहा-दहा फुटांचे गाळे असतील तर तीन गाळे. पंधराव्या पायरीवर एक पिक्सेल साडेचार मीटरहून थोडा मोठा, तेथे तीच चूक ७३ मीटरची होते. बाराव्या पायरीवर, जेथे सांगली आणि मिरज एकत्र दिसतात, ती जवळपास ५८५ मीटर होते. खूण पडद्यावर तेवढीच राहते आणि तिच्याखालची जमीन आकसत जाते, म्हणून चूक वाढत जाते.

यातूनच दोष ओळखण्याची युक्ती निघते. आपल्या खुणेखाली, त्याच अक्षांश-रेखांशावर, दोन पिक्सेलचा एक साधा काळा ठिपका टाका. मग नकाशा जवळ घ्या, लांब न्या. ठिपका आपल्या दारावर बरोबर बसतो आणि खुणेचे टोक मात्र ठिपक्यापासून सुटलेले दिसते, तर दोष टेकबिंदूचा. टोक प्रत्येक पायरीवर ठिपक्यालाच चिकटून आहे, पण दोघे मिळून दाराऐवजी शेजारच्या बोळात बसले आहेत, तर दोष आकड्यांचा. दोन्ही दोष एकदम असू शकतात. म्हणून आधी ठिपका दुरुस्त करावा, नंतर टोक. उलट केले तर एक चूक दुसऱ्या चुकीने झाकली जाते, आणि मग ती एकाच पायरीवर बरोबर दिसते. आमच्याच बाजारातल्या एका दुकानाची खूण अशीच ‘बरोबर’ करून दिली होती. मोबाईलवर जवळून पाहिले तर दारात, थोडे लांबून पाहिले तर मशिदीच्या पलीकडे.

टेकबिंदू काढताना आणखी एक बारकावा. चौकट २४ उंच असली तरी टोक २४ वर असेलच असे नाही. काढणारा खाली थोडी मोकळी जागा सोडतो. समजा टोक २२ वर आहे आणि खूण ४८ पिक्सेलची करून लावली, तर टोक ४४ वर येते, ४८ वर नव्हे. टेकबिंदू आडवा २४, उभा ४४ असा द्यावा. खुणेखाली सावली काढली असेल तर चौकट सावलीसकट मोजली जाते, म्हणून सावलीचा मोह टाळावा. माझ्या मते नकाशावर सावली काढणे म्हणजे सुती कापडाला जरीचा काठ.

वेगवेगळ्या सोयींत मोजणी वेगळी असते हेही पाहा. लीफलेट वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजते. गुगल अर्थ ज्या केएमएल फाईली वाचते, त्यांत तोच बिंदू खालच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजण्याची पद्धत आहे. एकीकडचे आकडे दुसरीकडे जसेच्या तसे टाकले की खूण उलटी लटकते. गणितात काही चुकलेले नसते, फक्त पट्टी कोठून धरली ते चुकलेले असते.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीचे उदाहरण घेऊ. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आता बाहेरचा गिऱ्हाईक थेट गल्लीत येऊ पाहतो. तेथे दुकानाला दुकान लागून आहे. एखाद्या कारागिराने खूण म्हणून तिरकी सतार काढून घेतली, वर दांडी उजवीकडे झुकलेली आणि खाली डावीकडे भोपळा. या चित्राच्या चौकटीचा तळमध्य कोठे येतो? भोपळ्याच्या उजवीकडे, मोकळ्या जागेत. ‘खाली मध्यभागी’ असा तयार पर्याय निवडला तर सतार टेकेल एकीकडे आणि पाहणाऱ्याला वाटेल दुसरीकडे. अशा चित्रासाठी दोनच उपाय. एक तर भोपळ्याचा तळ मोजून तोच टेकबिंदू द्यावा, किंवा सतार एका छोट्या वर्तुळात बसवून वर्तुळाखाली सरळ टोक काढावे. मला दुसरा उपाय पसंत आहे, कारण पाहणाऱ्यालाही कोठे पाहायचे ते कळते.

आता आकड्यांकडे. सांगली साधारण १६.८५ उत्तर अक्षांश आणि ७४.५८ पूर्व रेखांशावर आहे. दशांश चिन्हानंतर किती आकडे द्यावेत? दोन आकडे दिले तर एक किलोमीटरचा ढोबळपणा, तीन दिले तर शंभर मीटरच्या आसपास, चार म्हणजे अकरा मीटर, पाच म्हणजे एक मीटर. दुकानासाठी पाच पुरे. काही जण मोबाईलमधून आलेले चौदा आकडे तसेच ठेवतात. त्याने नेमकेपणा येत नाही, मोबाईललाच मोकळ्या आकाशाखाली पाचेक मीटरचा फरक पडतो आणि उंच इमारतींच्या गल्लीत त्याहून जास्त. म्हणून गल्लीतला एकच आकडा प्रमाण मानू नये. दोन-तीन वेगळ्या वेळी घ्यावा, वेगळा पडणारा सोडून द्यावा आणि उपग्रहाच्या फोटोत आपले छप्पर व समोरचा रस्ता पाहून ताळा करावा.

जुन्या कागदावर जागा अंश आणि मिनिटांत असते. सांगली १६ अंश ५१ मिनिटे, ७४ अंश ३५ मिनिटे. हे १६.५१ आणि ७४.३५ असे लिहिले की सांगली कर्नाटकच्या हद्दीवर, कागल-निपाणीच्या दरम्यान जाऊन पडते. मिनिटांना ६० ने भागावे लागते. साताऱ्याची गंमत वेगळी आहे. ७४ रेखांशाची रेघ शहरातूनच जाते, त्यामुळे राजवाड्याकडचे दुकान ७३.९८ वर तर औद्योगिक वसाहतीतले गोदाम ७४.०२ वर. एकाच मालकाच्या दोन जागा, पण पहिला आकडाच वेगळा. यादी लिहिणारा ‘सातारा म्हणजे ७४’ असे समजून दुकानाचे ७४.९८ करतो आणि दुकान शंभर किलोमीटर पूर्वेला, पंढरपूरच्या अलीकडे निघते.

आणखी एक चूक क्रमाची. बोलताना आपण आधी अक्षांश सांगतो. केएमएल आणि जिओजेसन या फाईलींत आधी रेखांश लिहितात. अदलाबदल झाली की सांगलीचे दुकान नॉर्वेच्या उत्तरेला थंड समुद्रात जाते. हे दिसते तरी, म्हणून लगेच पकडता येते. पण जे उर्दूतून संदेश पाठवतात त्यांनी विशेष सांभाळावे. उर्दू मजकूर उजवीकडून चालतो, त्यात स्वल्पविरामाने जोडलेले दोन आकडे टाकले की पडद्यावर त्यांची जागा बदललेली दिसते. वाचणारा डावीकडचा आकडा पहिला समजून उतरवून घेतो. दोन्ही आकडे वेगळ्या ओळींवर, समोर ‘अक्षांश’ आणि ‘रेखांश’ असे लिहून पाठवावेत.

सर्वेक्षण विभागाच्या जुन्या शीटवरून जागा घेणाऱ्यांसाठी थोडे. त्या शीट पृथ्वीच्या ज्या मापावर बेतल्या होत्या ते १८३० चे, जॉर्ज एव्हरेस्टच्या नावाचे. मोबाईल वेगळे माप वापरतो, त्याला डब्ल्यूजीएस ८४ म्हणतात. दोन्हींतला फरक आपल्या भागात शंभर मीटरहून अधिक येतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर जनतेसाठी निघालेल्या शीट नव्या मापावर आहेत, तेव्हा शीट घेताना कोणत्या मापाची आहे ते कोपऱ्यात वाचावे. एव्हरेस्टच्या काळात मोजणीची यंत्रे दुरुस्त करणारे एक कारागीर अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन होते. इंग्लंडहून आणलेल्या हेन्री बॅरो या यंत्रकाराच्या जागी पुढे त्यांचीच नेमणूक झाली. हाताचे काम नेमके असेल तर शिक्का कोठलाही चालतो.

सांगलीत या नेमकेपणाला आणखी एक बाजू आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी बाजारात शिरले. तेव्हापासून पूररेषेचा नकाशा सगळे पाहतात. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. गोदाम भाड्याने घेणारा मोबाईलवर दोन्ही एकत्र पाहतो आणि खूण रेषेच्या आत की बाहेर यावर भाडे ठरवतो. येथे सत्तर मीटरची चूक म्हणजे सरळ नुकसान, कधी मालकाचे, कधी भाडेकरूचे. अर्थात कायद्याने नकाशावरची खूण काहीच सिद्ध करत नाही. त्यासाठी सिटी सर्व्हेचा उतारा आणि मोजणीचा नकाशाच लागतो. सौदा करण्यापूर्वी तो पाहावाच.

खूण दुकानाच्या मध्यावर ठेवू नये, दारावर ठेवावी. गोदामाची खूण वेगळी, आणि ती ट्रक जेथे लागतो त्या फाटकावर. खूण बनवून देणाऱ्याकडून नुसते चित्र घेऊ नका. एसव्हीजी फाईल, तिच्या चौकटीचे माप, टेकबिंदूचे दोन आकडे व ते कोणत्या कोपऱ्यापासून मोजले, आणि जागेचे अक्षांश-रेखांश एका कागदावर लिहून घ्या. पैसे देण्यापूर्वी तो ठिपका टाकून बारा, पंधरा आणि अठरा या तीन पायऱ्यांवर त्याच्यासमोरच पाहा.