संगणकाची फलनभाषा : एक तोंडओळख



बीजगणिताच्या तासाला कोणी फळ्यावर 'क्ष = क्ष + १' असे लिहिले, तर तुम्ही लगेच हरकत घ्याल. कोणतीही संख्या स्वतःपेक्षा एकाने मोठी असू शकत नाही, हे आठवीतला मुलगाही जाणतो. परंतु संगणकाच्या बहुतेक प्रचलित भाषांत ही ओळ अगदी बिनदिक्कत लिहिली जाते. तेथे ती विधान नसून आज्ञा असते. 'क्ष नावाच्या डब्यात जे आहे त्यात एक मिळव आणि परत त्याच डब्यात ठेव', असा तिचा अर्थ. बरोबरीच्या चिन्हाचा शाळेत शिकलेला अर्थ तेथे विसरावा लागतो.

मात्र संगणकभाषांचे एक कुल असे आहे, की ज्यात हे चिन्ह आपला मूळ अर्थ सोडत नाही. त्यांना आम्ही येथे 'फलनभाषा' म्हणू. फलन म्हणजे काय, हे गणितात येतेच. एक मूल्य आत घ्यावे आणि नियमाप्रमाणे एक मूल्य बाहेर द्यावे, तेच आत गेले तर तेच बाहेर यावे, यास फलन म्हणतात. या भाषांत आज्ञावली म्हणजे आज्ञांची रांग नसून अशा फलनांच्या व्याख्यांची वही असते. 'दुप्पट क्ष = २ × क्ष' अशी व्याख्या एकदा लिहिली, की 'दुप्पट ७' जेथे दिसेल तेथे निःशंकपणे १४ लिहावे. सकाळी एक उत्तर आणि सायंकाळी दुसरे, असा प्रकार होत नाही.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. घरची बोली कोकणी, शिकवण्याचा विषय भाषा. तेव्हा संगणकावर लिहिण्याचा अधिकार आम्हांस काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर इतकेच की आम्ही हा विषय आमच्या विद्यार्थ्यांबरोबर, जाणत्यांच्या मदतीने शिकत आहोत. नुकताच चढलेला मनुष्य वाटेतील दगड नेमके दाखवू शकतो. 'मराठी माध्यमातील मुलांना हे कसे जमणार?' हा प्रश्न पालक आम्हांस वारंवार करतात. त्याला तोंडी दिलासा देण्यापेक्षा एक धडाच पुढे ठेवणे बरे.

थोडा इतिहास

या विचाराचे मूळ संगणकाच्या जन्मापूर्वीचे आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे अलोन्झो चर्च या तर्कशास्त्रज्ञाने 'लॅम्डा कलन' नावाची पद्धती मांडली. फलन घडवणे आणि फलनास मूल्य देणे, एवढ्या दोनच क्रियांवर सर्व गणनव्यवहार उभा करता येतो, असे तिने दाखविले. १९५८ साली जॉन मॅकार्थी यांनी या विचाराचा आधार घेऊन 'लिस्प' ही भाषा रचण्यास आरंभ केला. पुढे १९७७ साली एक नवल घडले. आज्ञाप्रधान भाषांतील आद्य अशा 'फोरट्रान'चे जनक जॉन बॅकस यांनी ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात त्या आज्ञाप्रधान रीतीवरच टीका केली आणि फलनरीतीचा पुरस्कार केला. स्वतः बांधलेल्या वाड्याचे दोष स्वतःच सांगण्यास मोठे मन लागते.

त्यानंतर ठिकठिकाणी अशा भाषा निघाल्या. प्रत्येक विद्वानाची चूल वेगळी होऊ लागली, तेव्हा १९८७ साली पोर्टलंड येथील परिषदेत सर्वांनी मिळून एक सामाईक भाषा करण्याचे ठरविले. १९९० साली तिचा पहिला वृत्तांत प्रसिद्ध झाला. तीच 'हॅस्केल'. हॅस्केल करी (१९००–१९८२) या तर्कशास्त्रज्ञाचे नाव तिला दिले गेले. त्यांच्या पत्नीने त्या वेळी सांगितले, की त्यांना स्वतःला 'हॅस्केल' हे नाव कधी आवडले नव्हते! आडनावाचाही आमच्या घरच्या हुमणाशी काही संबंध नाही, हे ओघाने सांगून ठेवतो, कारण वर्गात तो प्रश्न हमखास येतो.

ही विद्या आपल्या देशासही परकी नाही. पुणे विद्यापीठात १९९०च्या दशकात हॅस्केलच्या जवळच्या 'गोफर' भाषेतून विद्यार्थ्यांना आज्ञावलीलेखन शिकविले गेले. चेन्नई गणितीय संस्थेतील अध्यापकांची हॅस्केलवरील व्याख्यानमाला कोणासही विनामूल्य पाहता येते. 'ओकॅमल' या फलनभाषेची पाचवी आवृत्ती डिसेंबर २०२२मध्ये प्रसिद्ध झाली. संगणकाच्या अनेक गणनकेंद्रांचा एकाच वेळी उपयोग करण्याची जी शक्ती तीत आली, तीमागे मद्रासच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील संशोधकांचा मोठा वाटा आहे.

लघु-गुरूंचा हिशोब

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ, आणि तेही मराठीच्या तासातले. वृत्तांच्या अभ्यासात लघू अक्षराची एक मात्रा आणि गुरू अक्षराच्या दोन, हे तुम्ही शिकता. प्रश्न असा, की दिलेल्या मात्रांची ओळ लघु-गुरूंच्या किती निरनिराळ्या मांडण्यांनी भरता येईल?

एका मात्रेची मांडणी एकच : ल. दोन मात्रांच्या दोन : लल, ग. तिहींच्या तीन : ललल, गल, लग. चार मात्रांच्या पाच : लललल, गलल, लगल, ललग, गग. यातील नियम पाहा. ओळीचे शेवटचे अक्षर लघू असेल, तर त्याआधीची ओळ एका मात्रेने कमी; गुरू असेल, तर दोन मात्रांनी कमी. तिसरी शक्यताच नाही. म्हणून कोणत्याही ओळीच्या मांडण्या म्हणजे तिच्या आधीच्या दोन ओळींच्या मांडण्यांची बेरीज. हा नियम विरहांक या छंदःशास्त्रकाराने सांगितला आणि बाराव्या शतकात हेमचंद्राने पुन्हा मांडला. युरोपात या संख्यांना ज्या फिबोनाचीचे नाव मिळाले, त्याचा ग्रंथ १२०२ सालचा.

फलनभाषेत हा नियम असा लिहिला जातो. (यंत्रावर तो रोमन लिपीत लिहावा लागतो, समजण्यासाठी येथे आपल्या लिपीत देत आहोत.)

मात्रा ० = १
मात्रा १ = १
मात्रा न = मात्रा (न − १) + मात्रा (न − २)

झाली आज्ञावली! पहिली ओळ सांगते, की शून्य मात्रांची ओळ भरण्याची रीत एकच, म्हणजे काहीच न लिहिणे. तिसऱ्या ओळीत फलन स्वतःच्याच लहान रूपास हाक मारते. यास पुनरावर्तन म्हणतात. छंदःशास्त्रातील नियम आणि संगणकाची आज्ञावली यांत येथे जवळजवळ अंतर उरत नाही.

अडचण आणि मदत

आमच्या नववीतील एका विद्यार्थिनीने ही व्याख्या यंत्रावर लिहिली. दहा मात्रांचे उत्तर ८९ असे क्षणात आले. चाळीस मात्रा विचारताच यंत्र जणू समाधी लावून बसले. "चालत नाही", एवढेच ती म्हणाली.

चिक्कडपल्लीचे मध्यवर्ती ग्रंथालय आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. स्पर्धा-परीक्षांची तयारी करणारे तरुण तेथे दिवस दिवस बसतात, आणि एकाला अडलेले दुसरा सांगतो. तेथे एक शिस्त आपोआप पाळली जाते : 'मला काही येत नाही' असे कोणी म्हणत नाही, 'या पायरीपासून पुढे अडले' असे म्हणतात. आम्हीही त्या मुलीस प्रश्न नीट लिहून आणावयास सांगितले. काय लिहिले, काय अपेक्षित होते, काय घडले, आणि आपण स्वतः काय करून पाहिले, ही चार कलमे. तिने लिहिले : 'दहाला ताबडतोब उत्तर येते, तिसास थोडे थांबावे लागते, चाळिसास फार वेळ लागतो. व्याख्या बरोबर आहे, कारण चारपर्यंत हाताने पडताळली.' प्रश्न असा मांडताच अर्धे काम झाले. चूक व्याख्येत नसून वेळेत आहे, हे तिचे तिलाच कळले.

हा कागद आम्ही चिक्कडपल्लीतच राहणाऱ्या एका तेलुगूभाषक अभियंत्यास दाखविला. पहिल्याच वाक्यात गोंधळ उडाला. ते 'प्रमेयमु' म्हणत आणि मुलगी भूमितीतील प्रमेय शोधू लागे. गणिताच्या तेलुगू पुस्तकांत फलनास 'प्रमेयमु' म्हणतात, हे उलगडल्यावर दोघेही हसले. त्यांनी उत्तर सांगितले नाही. कोऱ्या कागदावर 'मात्रा ५' लिहून तिच्या फांद्या काढावयास लावल्या. मात्रा ५ने मात्रा ४ला व मात्रा ३ला हाक मारली. मात्रा ४ने पुन्हा मात्रा ३ला. झाड पुरे झाले, तेव्हा हाका भरल्या १५, आणि त्यांत मात्रा २ तीनदा, मात्रा १ पाचदा. तेच काम यंत्र पुनःपुन्हा करीत होते! चाळीस मात्रांसाठी अशा हाका होतात ३३,११,६०,२८१. तेहतीस कोटींचा आकडा ऐकून मुलीने हातच जोडले. नव्वद मात्रांसाठी तर दर सेकंदास शंभर कोटी हाका मारल्या, तरी सुमारे २९५ वर्षे लागतील.

मग उपाय काय? हाताने करताना आपण काय करतो, ते आठवा. मागील दोन आकडे वहीत असतात, त्यांची बेरीज पुढे लिहितो. फलनभाषेत ती वही म्हणजे यादी. व्याख्या अशी : 'यादीचा आरंभ १, १, आणि पुढे, ही यादी व तिचीच पहिला आकडा सोडून उरलेली यादी, यांची जोडीजोडीने केलेली बेरीज.' करून पाहा : १ + १ = २, १ + २ = ३, २ + ३ = ५. यादी आपल्याच शेपटीच्या आधाराने वाढत जाते आणि तिला अंत नाही.

अनंत यादी यंत्रात मावणार कशी, हा रास्त प्रश्न आहे. हॅस्केल पंगतीतल्या शहाण्या वाढप्यासारखी वागते. मागितले तेवढेच वाढते, सगळे पातेले पानात ओतत नाही. चाळीस मात्रा विचारल्या, की एकोणचाळीस बेरजा होतात आणि उत्तर मिळते १६,५५,८०,१४१. तेहतीस कोटी हाकांच्या जागी एकोणचाळीस बेरजा! यंत्र तेच होते, विचार बदलला.

देणे-घेणे

या प्रसंगातून आम्ही जे शिकलो ते केवळ गणित नव्हे. हॅस्केलचा संकलक, म्हणजे आपली व्याख्या यंत्राच्या भाषेत उतरविणारा कार्यक्रम, विनामूल्य मिळतो, आणि त्याची अंतर्रचना कोणासही वाचता येते. त्याच्या जोडीला हजारो तयार आज्ञावल्यांचे सार्वजनिक भांडार आहे. देशोदेशींच्या जाणत्यांनी ते भरले, त्यांतील पुष्कळांनी वेतनावाचून. आपल्या शहरातही 'स्वेच्छा' या संस्थेने मुक्त संगणकप्रणाली तेलुगू भाषेत आणण्याचे काम केले आहे. ज्यास आपण मदत म्हणतो, ती अशा अनेक हातांची शिदोरी आहे. ती घेताना संकोच नको, परंतु घेऊन विसरणेही नको.

परत काय द्यावे? नवशिक्याजवळही देण्यासारखे असते. संकलक चूक दाखवितो ती इंग्रजीत. संख्येत नाव मिळविण्याचा प्रयत्न केला, तर तो कडक शिक्षकाप्रमाणे आज्ञावली चालू होण्यापूर्वीच अडवितो, पण त्याचे बोलणे मुलांस उमगत नाही. त्या मुलीने आता एक वही घातली आहे. चुकीची सूचना, तिचा सोप्या मराठीत अर्थ, आणि उपाय. आजवर तीत बावीस सूचना उतरल्या आहेत. पुढील वर्षीच्या नववीला त्या पहिल्या दिवशी मिळतील.

इंग्रजीवाचून सारे भागेल, असे आम्ही म्हणत नाही. या भाषांतील मूळ शब्द इंग्रजी आहेत आणि ते शिकावेच लागतील. पण ते मोजके आहेत. ज्यावर सारा डोलारा उभा आहे ते समीकरण, तो नियम, ती पडताळणी तुम्ही मराठीतूनच शिकला आहात. ती पुंजी कमी लेखू नका. पालकांसही आमची विनंती आहे, की मुलास 'तुला जमेल का?' असे विचारण्याऐवजी 'कोणत्या पायरीवर अडले?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने मूल गप्प होते, दुसऱ्याने बोलू लागते.

स्वाध्याय

१. पाच मात्रांच्या आठही मांडण्या लिहून काढा आणि त्यांतील किती लघूने संपतात, किती गुरूने, ते मोजा.
२. 'मात्रा ६'चे झाड काढा. एकूण हाका किती? (उत्तर पंचवीस यावे. न आल्यास झाड मित्रास दाखवा.)
३. यादीतील सर्व संख्यांची बेरीज करणाऱ्या फलनाची व्याख्या दोन ओळींत लिहा. रिकाम्या यादीची बेरीज किती, येथून आरंभ करा.
४. तुम्हांस अडलेली कोणत्याही विषयातील एक शंका वर सांगितलेल्या चार कलमांत लिहा, आणि ती कोणास तरी विचारा.