दहाव्या दिवशी काय?

मित्रांनो, आपल्याकडे 'नव्याचे नऊ दिवस' अशी म्हण आहे आणि 'आरंभशूर' असा एक झकास शब्दही आहे. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठी जरा मिक्स आहे, सांभाळून घ्या!) हॉस्टेलमधल्या हाफ मॅरेथॉनच्या तयारीला हे दोन्ही अगदी फिट बसतात. पहिल्या दिवशी ग्राउंडवर पंधरा जण आणि नवे कोरे शूज. दहाव्या दिवशी तीन जण, बाकीच्यांचा अलार्म स्नूझवर! असे का होते आणि त्यावर उपाय काय, याचा थोडा अभ्यास करू या.

उत्साह का ओसरतो?

धावायला लागल्यावर पहिल्या काही आठवड्यांत दम भराभर वाढतो, कारण हृदय आणि रक्ताभिसरण लवकर जुळवून घेतात. हाडे आणि स्नायूंना हाडांशी जोडणारे बंध मात्र हळूहळू मजबूत होतात. दम आहे म्हणून आपण स्पीड वाढवतो आणि नडगी दुखायला लागते. दुसरे कारण म्हणजे ग्राफ. तो सुरुवातीला सरळ वर चढतो, नंतर सपाट होत जातो. आपल्याला वाटते, प्रगती थांबली. खरे तर ती फक्त मंदावलेली असते.

साबळेचा ग्राफ

बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे. शेतकऱ्याचा मुलगा, शाळा सहा किलोमीटर लांब. बारावीनंतर सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला ड्यूटी केली. २०१८ साली त्याने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे २९.८० सेकंद वेळ देऊन गोपाल सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याची वेळ होती ८ मिनिटे ९.९१ सेकंद. आता वजाबाकी करा. सहा वर्षांत १९.८९ सेकंद, म्हणजे वर्षाला साधारण सव्वातीन सेकंद! एवढ्यासाठी वर्षभर रोज घाम गाळायचा. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तर त्याचे सुवर्ण ०.०५ सेकंदाने हुकले. तरी तो थांबला नाही, पुढच्याच वर्षी आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण मिळवले.

आमच्या चांदूर बाजारची पोरं

पण उदाहरणासाठी इतक्या लांब कशाला? आमच्या चांदूर बाजारला पहाटे पाचला बाहेर पडा. संत्र्याच्या बगिच्यांमधल्या रस्त्यावर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पळताना दिसतील. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. त्याला २० गुण. इथे काही सेकंद मागे राहिलो तर मेडल नाही, नोकरी जाते. माझा चुलतभाऊ तिसऱ्यांदा तयारी करतोय. आमचे आबाजी त्याला विचारतात, "काहून पयतं रे बाप्पा रोज रोज? भरती त निघालीच नाही अजून!" तो म्हणतो, "निघाल्यावर पळून काय होते, आबाजी?"

मी त्याला विचारलं, रोज इच्छा कुठून येते? तो हसला. म्हणाला, "इच्छा कुठे येते? चौकात चौघं थांबलेले असतात. नाही गेलो तर दाराशी येऊन हाका मारतात, सगळं घर उठते."

मला वाटते, सगळं मोटिव्हेशन यातच आहे. इच्छेची वाट पाहायची नाही, सवय लावायची.

मग आपण काय करायचे?

१. इफ-एल्स लिहा. सी लँग्वेजमध्ये कंडिशन आधीच लिहून ठेवतो ना, तसेच. 'पाऊस असेल तर जिन्यावर चढ-उतार, नाही तर ग्राउंड.' पहाटे अंथरुणात निर्णय घ्यायला गेलो की निर्णय नेहमी झोपेच्या बाजूने लागतो!

२. वही ठेवा. तारीख, अंतर, वेळ, झोप. कालच्याशी तुलना नको, दोन महिन्यांपूर्वीच्या पानाशी करा.

३. बहुतेक दिवस सावकाश धावा, शेजारच्याशी बोलता येईल इतके सावकाश. दर आठवड्याला अंतर थोडेच वाढवा आणि एक दिवस पूर्ण विश्रांती घ्या.

४. आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. तेव्हा सूर्य उगवायच्या आत परत या, पाणी प्या. चक्कर आली तर थांबा, त्यात कमीपणा नाही.

५. जोडीदार शोधा. रूम पार्टनर नसेल तर शेजारच्या विंगमधला शोधा. आपले सर आणि कर्मचारी मंडळी आली तर दुधात साखर!

शेवटी एवढेच सांगावेसे वाटते की, हाफ मॅरेथॉनचे २१ किलोमीटर एका सकाळी संपतात, पण ती सकाळ गाठायला शंभर सकाळी लागतात. त्यातल्या निम्म्या कंटाळवाण्या असणार हे आधीच मान्य करून टाका. नऊ दिवस तर कुणीही पळतो, मित्रांनो. दहाव्या दिवशी ग्राउंडवर या, चौथा माणूस हवाच आहे!