पान कितीला पडतं?

अकोल्यात मी आठवी ते दहावीच्या मुलांच्या गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घरीच घेते. सराव प्रश्नपत्रिका, आकृत्या, सुट्टीतला अभ्यास, सगळं छापून द्यावं लागतं. परीक्षेच्या दिवसांत महिन्याला तीन-चारशे पानं सहज होतात आणि एप्रिल-मेमध्ये यंत्र जवळजवळ पडूनच असतं. हे आधीच सांगते, कारण प्रिंटर कोणता घ्यायचा ते यावरूनच ठरतं: तुम्ही किती छापता आणि न छापता यंत्र किती दिवस राहतं.

आमच्या घरी पहिला प्रिंटर मुलाच्या लॅपटॉपबरोबर सवलतीत आला. छोटा, रंगीत, स्कॅनरसकट, कार्ट्रिजवर चालणारा. सुटा घेतला असता तरी चार हजारांच्या आतच पडला असता. सोबत आलेली काळी शाई पहिल्या घटक चाचणीतच संपली. नवं कार्ट्रिज आणायला गेले तर किंमत हजाराच्या घरात आणि कंपनीचा अंदाज १२० पानांचा. म्हणजे कागद सोडून नुसत्या शाईचेच पानाला आठ रुपये. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे तेच पान दोन रुपयांत मिळत होतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांचे आईवडील रोजंदारीवर किंवा छोट्या दुकानांत काम करणारे. छपाईचा खर्च फीमध्ये घालणं मला पटण्यासारखं नव्हतंच.

मग उन्हाळा आला. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. सुट्टीनंतर यंत्र सुरू केलं तेव्हा पानावर पांढरे पट्टे. शाई होती, पण ती फवारणाऱ्या हेडच्या केसाहूनही बारीक छिद्रांत वाळून बसली होती. हेड साफ करण्याची आज्ञा दिली की यंत्र शाई ओढून छिद्रांतून बाहेर फेकतं. पट्टे थोडे कमी झाले आणि तेवढ्यात रंगीत कार्ट्रिज संपल्याचा लाल दिवा लागला. तीन रंग एकाच डबीत, त्यातला पिवळा संपला, म्हणून उरलेले दोन रंगही टाकून द्यायचे. आणि रंग नाही म्हणून काळी प्रश्नपत्रिकासुद्धा छापायला यंत्र तयार नाही. ज्या दुरुस्तीवाल्याकडे मी ते घेऊन गेले, त्याने सरळ सांगितलं, "ताई, कंपनीला यंत्र विकून फार काही मिळत नाही. मिळतं ते कार्ट्रिज विकून." त्याच्या दुकानात तसल्या यंत्रांची चळत लागलेली होती, बहुतेक नव्यासारखीच.

तेव्हापासून मी कोणालाही एकच सांगते. यंत्राची किंमत नंतर विचारा, आधी पानाची विचारा. शाईच्या बाटलीची, कार्ट्रिजची किंवा टोनरची किंमत घ्या आणि त्यात निघणाऱ्या पानांनी भागा. पानांचा आकडा डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात असतो. तो मनाने लिहिलेला नसतो. शाईच्या रंगीत यंत्रांसाठी आयएसओ/आयईसी २४७११ आणि काळ्या-पांढऱ्या लेझरसाठी १९७५२ अशी मानकं आहेत, त्यांतली ठरावीक नमुना पानं छापून तो काढतात. फक्त एवढं लक्षात ठेवा की ही पानं एकामागून एक सलग छापलेली असतात. घरी आपण आज दोन, चार दिवसांनी पाच असं छापतो आणि मधल्या प्रत्येक साफसफाईत शाई जाते. शिवाय लेझरच्या चाचणीत पानाचा जेमतेम पाच टक्के भाग काळा होतो असं धरलेलं असतं. दाट मजकूर आणि जाड रेघांच्या आकृत्या असलेल्या प्रश्नपत्रिकेला त्याहून जास्त लागतं. म्हणून छापलेल्या आकड्यातला पाव हिस्सा मी आधीच वजा करते.

आता कार्ट्रिजऐवजी बाटलीतून शाई भरायच्या टाकीवाल्या प्रिंटरचा हिशेब बघा. एप्सनने अशी यंत्रं २०१० मध्ये प्रथम इंडोनेशियात आणली. तिथे लोक साध्या प्रिंटरला बाहेरून नळ्या आणि बाटल्या जोडून स्वस्तात छापत होते, तीच सोय कंपनीने स्वतः द्यायला सुरुवात केली. पुढे कॅनन, एचपी, ब्रदर यांनीही तोच रस्ता धरला. एप्सनची ००३ क्रमांकाची काळ्या शाईची बाटली ६५ मिलिलिटरची असते आणि तिच्यात ४,५०० पानं सांगितलेली आहेत. बाटली साधारण साडेतीनशे-चारशे रुपयांना मिळते. पान आठ-नऊ पैशांना पडलं, वजावट करून फार तर बारा. पाचशे पानांचा साध्या कागदाचा रिम घेतला तरी एक कोरं पान पन्नास पैशांच्या वर जातं. म्हणजे टाकीवाल्या यंत्रात शाईपेक्षा कागद महाग! तिथे खरी बचत पाठपोट छापण्यात आहे. ती सोय यंत्रात आपोआप नसली तरी आधी विषम पानं, मग तोच गठ्ठा उलटून सम पानं, असं हाताने करता येतं.

माझी धाकटी बहीण रत्नागिरीजवळ प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. तिला चित्रं, अक्षरकार्डं, रंगीत तक्ते लागतात, तेही वर्षभर. तिला मी टाकीवालाच घ्यायला लावला आणि तो चांगला चालला आहे. पण त्याचीही काही पथ्यं आहेत, ती दुकानात कोणी सांगत नाही.

पहिलं पथ्य बटणाचं. प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करायचा, भिंतीवरच्या स्विचने नाही. बटण दाबलं की हेड कडेला जाऊन आपल्या झाकणावर बसतो आणि छिद्रं हवेपासून मिटतात. छपाई चालू असताना वीज गेली तर हेड मध्येच उघडा राहतो. आपल्याकडे हे नवीन नाही. वीज आली की लगेच यंत्र सुरू करून पुन्हा बटणाने नीट बंद करावं. दुसरं, आठवड्याला एक तरी रंगीत पान काढावं, म्हणजे चारही रंग वाहते राहतात. तिसरं, टाकीतली शाई खालच्या रेषेच्या खाली जाऊ देऊ नये. नळ्यांत हवा शिरली की ती काढायला बरीच शाई वाया जाते. आणि घर बदलताना यंत्र आडवं करून टेम्पोत टाकू नये.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना तेव्हा कळते जेव्हा सगळे दिवे एकदम मिचकायला लागतात. साफसफाईत बाहेर टाकलेली शाई यंत्राच्या तळाशी एका स्पंजात जमा होते. ठरावीक मोजणी झाली की यंत्र थांबतं. दुरुस्तीवाले याला 'पॅड फुल झालं' म्हणतात आणि सॉफ्टवेअरने मोजणी शून्यावर आणून देतात. नुसती मोजणी मागे घेऊन उपयोग नाही, स्पंजही बदलून घ्या, नाहीतर शाई टेबलावर उतरते. काही मॉडेलमध्ये हा स्पंज एका डबीत असतो आणि ती डबी ग्राहकाला स्वतः बदलता येते. दोन यंत्रांत दोनचार हजारांचाच फरक असेल तर मी अशी डबी असलेलं घेईन. हेडचंही तसंच विचारा. कॅननच्या जी मालिकेत आणि एचपीच्या टाकीवाल्या यंत्रांत हेड सुटा मिळतो आणि घरी बदलता येतो. एप्सनचा हेड यंत्रातच बसवलेला असतो, तो बदलणं म्हणजे सेवा केंद्राची वारी.

शाईचा प्रकारही विचारावा. काही यंत्रांत काळी शाई रंगकणांची असते, ती पाण्याने फारशी पसरत नाही. काहींत ती पूर्ण विरघळलेली असते. अशा शाईने छापलेला अर्ज पावसात भिजला की अक्षरं निळसर होऊन फुटतात. कोकणात जूनमध्ये शाळेचे कागद घेऊन फिरणाऱ्याला हा फरक मोठा आहे.

मी स्वतःसाठी मात्र काळा-पांढरा लेझर निवडला. कारण माझी सुट्टी. लेझरमध्ये शाई नसते, टोनरची कोरडी पूड असते. ती उष्णतेने वितळवून कागदाला चिकटवतात. दोन महिने यंत्र झाकून ठेवलं तरी वाळण्यासारखं त्यात काही नाही आणि पानावर पाणी पडलं तरी अक्षर हलत नाही. नवा मूळ टोनर महाग असतो. मूळ टोनरवर माझं पान अडीच-तीन रुपयांना जातं, रिफिल करून घेतलं की त्याच्या कितीतरी खाली येतं. म्हणून लेझर घेताना मी गावातल्या रिफिलवाल्याला आधी विचारलं, कोणत्या मॉडेलचं टोनर तो भरतो, त्याला चिप लागते का, ड्रम वेगळा मिळतो का. एचपीचा १०२० आणि कॅननचा एलबीपी २९०० ही जुनी यंत्रं आपल्याकडच्या कचेऱ्यांत आणि सायबर कॅफेंत वर्षानुवर्षं टिकली, त्यामागे हेही कारण आहे. त्यांचं २,००० पानांचं टोनर कुठल्याही तालुक्याच्या गावी भरून मिळायचं.

चिपचा प्रश्न किरकोळ समजू नका. कंपन्या कार्ट्रिजवर चिप लावतात आणि इंटरनेटवरून येणाऱ्या सुधारणांनी दुसऱ्याचं कार्ट्रिज नाकारायला यंत्राला शिकवतात. ग्राहकांना या निर्बंधांची नीट माहिती दिली नाही म्हणून इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने डिसेंबर २०२० मध्ये एचपीला १ कोटी युरोचा दंड केला होता. विकत घेतलेल्या यंत्रात कोणाची शाई घालायची हे ठरवण्याचा हक्क आपला आहे असं मला ठामपणे वाटतं. त्यामुळे डब्यावर 'फक्त मूळ चिप असलेल्या कार्ट्रिजवर चालतो' अशी बारीक अक्षरांतली सूचना दिसली, तर मी ते यंत्र तिथेच ठेवते.

लेझरची एक अडचण आहे, ती म्हणजे वीज. तापताना तो काही क्षण कित्येकशे वॅट खेचतो. घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर लावला की इन्व्हर्टर बंद पडतो. शाईच्या प्रिंटरला दहा-पंधरा वॅट पुरतात. वीज फार जाते अशा गावात हा मुद्दा निर्णय फिरवू शकतो. आणि यंत्र कुठलंही असो, पावसाळ्यात उघडा रिम प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. दमट कागद वळतो आणि अडकतो, मग लोक यंत्राला दोष देतात.

ज्यांचं छापणं महिन्याला दहा-पंधरा पानांचं आहे, कधी सातबारा, कधी हॉल तिकीट, कधी रेल्वेचं तिकीट, त्यांनी प्रिंटर घेऊच नये. पानाला पाच रुपये दिले तरी वर्षाला हजाराच्या आत भागतं. टाकीवाल्याची किंमत दहा-बारा हजारांच्या पुढे जाते आणि न वापरल्याने तो लवकर बिघडतो. दुकानातून आधार कार्ड छापून घेणार असाल तर यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत उतरवून न्या आणि काम झालं की दुकानदाराला फाइल तुमच्यासमोर पुसायला सांगा. त्यात संकोच करू नका.

ज्यांना घ्यायचाच आहे त्यांनी पैसे देण्याआधी वॉरंटीचा कागद उघडून वाचावा. अनेक टाकीवाल्या यंत्रांना एक वर्ष किंवा ३०,००० पानं, जे आधी होईल ते, अशी अट असते. सेवा केंद्र आपल्या जिल्ह्यात आहे का, माणूस घरी येतो की यंत्र न्यावं लागतं, हेही विचारावं. टाकीवाल्याबरोबर आलेल्या पहिल्या बाटल्यांतली बरीच शाई रिकाम्या नळ्या भरण्यातच जाते आणि लेझरबरोबरचं टोनर अनेकदा अर्धवट भरलेलं असतं. त्यामुळे पहिल्या भरण्यावरून पानाची किंमत काढू नका, दुसऱ्या भरण्यापासून मोजा.