वाट कोणी सोडायची?

गेल्या वर्षी समाजशास्त्राच्या तासाला सरांनी एक साधा प्रश्न विचारला होता. पूर्वीचे लोक रस्त्याच्या कोणत्या बाजूने जात? वर्गातल्या बहुतेकांनी 'डाव्या' असे उत्तर दिले, आणि कारण विचारताच 'इंग्रजांनी लावून दिले म्हणून' असेही सांगून टाकले. मीही त्यांच्यातलाच एक. दिवाळीच्या सुटीत उमरेडकडील आमच्या गावी गेलो तेव्हा हाच प्रश्न आजोबांना केला. ते हसले. ''कोन्त्याच बाजूनं नाही रे बापू, चाकोरीतून.''

चाकोरी हा शब्द आपण आज बिनधोक, रुळलेल्या आयुष्याला लावतो. त्याचा मूळ अर्थ मात्र बंडीच्या चाकांनी जमिनीत पाडलेली खोल रेघ असा आहे. आपल्याकडची काळी जमीन पावसाळ्यात लोण्यासारखी मऊ होते आणि उन्हाळ्यात दगडासारखी कठीण. चाकाच्या लोखंडी धावेने ओल्या मातीत पडलेली चाकोरी वाळली की तिच्यातून चाक बाहेर काढणे हे बैलांच्या जिवावर येणारे काम. पांधणीतून चाकोऱ्यांची एकच जोडी गेलेली असे, मधोमध. धुरकरीही पुढे धुरेवर मधोमध बसलेला, त्यामुळे त्यालाही अमुकच बाजू सोयीची असे काही नव्हते. रस्त्याला डावी-उजवी बाजू येई ती समोरून दुसरी बंडी आली म्हणजे, आणि तीही घटकाभरच. त्या घटकेचा खरा प्रश्न बाजूचा नसून, चाकोरी कोणी सोडायची हा असे.

आजोबांचे उत्तर तयार होते. ''भरल्या बंडीले रिकाम्या बंडीनं वाट द्याची.'' कापसाने भरलेली बंडी चाकोरीतून काढणे किती कठीण हे दोघाही धुरकऱ्यांना ठाऊक, त्यामुळे वाद फारसा होत नसे. हा नियम कोणी कागदावर लिहिला नव्हता, पण मला तो मोठा शहाणपणाचा वाटतो.

मात्र वाट सोडण्याचा हिशेब सगळीकडे बैलांच्या श्रमावर होत नव्हता. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात कोणाला वाट द्यावी याची यादीच आहे. गाडीत बसलेला, नव्वदी ओलांडलेला, रोगी, ओझे वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि नवरदेव. या यादीत बाजूचा उल्लेखच नाही, आहे तो माणसाचा. समोरचा कोण आहे हे आधी पाहायचे आणि मग आपण सरकायचे. यादीतील रोगी आणि ओझेकरी यांच्याविषयी कोणाची तक्रार असणार नाही. पण 'समोरचा कोण' हे पाहण्याची सवय कोठवर गेली हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या भाषणात नमूद केले आहे. पेशवाईत सवर्ण हिंदू येत असेल तर अस्पृश्याला सार्वजनिक रस्ता वापरण्याची मुभा नव्हती. का, तर सावलीचा विटाळ होऊ नये म्हणून. म्हणजे त्याने चाकोरी सोडून भागत नसे, रस्ताच सोडावा लागे. पूर्वीचे लोक कोणत्या बाजूने जात, या प्रश्नाचे हेही एक उत्तर आहे, आणि आम्ही वर्गात ते दिले नव्हते.

डाव्या बाजूचा लेखी नियम इंग्लंडात आला तो गर्दीमुळे. लंडनच्या पुलावर गाड्यांचा खोळंबा होऊ लागला, तेव्हा १७२२ साली शहरात येणाऱ्या गाड्यांनी पुलाची पश्चिम बाजू आणि बाहेर जाणाऱ्यांनी पूर्व बाजू धरावी असा हुकूम निघाला. शहर पुलाच्या उत्तरेस आहे, तेव्हा दोघांनाही डावीच बाजू मिळाली. १८३५ च्या हमरस्त्यांच्या कायद्याने हाच नियम पक्का केला. उजव्या हातात तलवार असे म्हणून घोडेस्वार डावीकडून जात, ही कथा आपण नेहमी ऐकतो. ऐकायला ती छान आहे, पण बंडी हाकणाऱ्याच्या हातात तलवार नव्हती, तुतारी होती!

आता 'इंग्रजांनी लावले' याकडे वळतो. राज्यकर्ताच बाजू ठरवीत असता तर गोवा उजवीकडून चालायला हवा होता. पोर्तुगालने १९२८ साली डावी बाजू सोडून उजवी धरली. गोवा तेव्हा त्यांच्याच ताब्यात होता, तरी तेथील वाहने डावीकडूनच जात राहिली, कारण सावंतवाडी, बेळगाव, कारवार अशा सर्व शेजाऱ्यांकडे डावीच बाजू होती. मोझांबिक आणि मकाव या पोर्तुगीज वसाहतींतही याच कारणाने डावी बाजू टिकली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा झेंडा, चलन, कायदे बदलले, पण गाडीवानाला बाजू बदलावी लागली नाही. स्वीडनमध्ये याच्या उलट घडले. शेजारचे नॉर्वे व फिनलंड उजवीकडून जाणारे, म्हणून ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता सारा देश डावीकडून उजवीकडे गेला. १९५५ च्या सार्वमतात सुमारे ८३ टक्के मतदारांनी 'नको' म्हटले होते तरीही! समोरून कोण येणार आहे, यावरच येथेही बाजू ठरली. मात्र येथे त्या 'कोण'ची जात वा पदवी कोणी विचारीत नाही.

आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दहाव्या परिशिष्टात डावीकडून वाहन हाकण्याचा नियम आला. पुढे १९८९ व २०१७ च्या नियमांनी तोच चालू ठेवला. गाडी भरलेली की रिकामी, आत मालक की चाकर, हे तो विचारत नाही. जुन्या यादीतला रोगी मात्र त्यात टिकून आहे, कारण रुग्णवाहिकेला वाट देणे बंधनकारक आहे. राजाचा लाल दिवा १ मे २०१७ पासून उतरला. राहिला नवरदेव. लग्नसराईत नागपूरच्या रस्त्यांवर तो अजून पूर्वीचाच हक्क बजावतो, कायद्यात असो वा नसो.

या उन्हाळ्यात आजोबांना दवाखान्यात दाखवायला स्कूटरवर मागे बसवून नेत होतो. एका चौकाच्या अलीकडे समोरून एक मोटारसायकलवाला उलट्या बाजूने थेट अंगावर आला. मी कचकन ब्रेक दाबला आणि तोंडात आलेले शब्द कसेबसे गिळले. आजोबांनी मागून वाकून त्याच्याकडे नीट पाहिले.

''भरेल हाय का रे त्याची गाडी?''