नळीची लांबी आणि दारूची निवड

काडतुसातील दारूचा स्फोट होतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ती जळते. मात्र अतिशय वेगाने जळते. जळण्याचा हा वेग आणि नळीची लांबी यांचा परस्परसंबंध समजून घेण्यास अमेरिकेतील मॅग्नम रिव्हॉल्व्हरचे उदाहरण उपयुक्त आहे.

स्मिथ अँड वेसन व विंचेस्टर या कंपन्यांनी १९३५ साली ०.३५७ मॅग्नम काडतूस प्रचारात आणले. जुन्या ०.३८ स्पेशलपेक्षा त्याचे पितळी कवच सुमारे अष्टमांश इंच लांब ठेवण्यात आले. अधिक दाबाचे हे काडतूस जुन्या, कमी ताकदीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसू नये, हा त्यामागील हेतू होता. वापरलेली कवचे घरी पुन्हा भरण्याचा छंद तेथील अनेक नेमबाजांना आहे. दारूची निवड हा त्यांच्यापुढील मुख्य प्रश्न असतो.

जलद जळणारी दारू थोडी पुरते. तिचा दाब क्षणात शिखर गाठतो व गोळी पुढे सरकताच झपाट्याने उतरतो. सावकाश जळणारी दारू अधिक भरावी लागते. तिच्यापासून वायूही अधिक निर्माण होतो आणि तो गोळीला नळीच्या टोकापर्यंत ढकलत राहतो. म्हणून लांब नळीचा लाभ तिला विशेष मिळतो. यावरून आखूड नळीला जलद दारूच योग्य, असे अनुमान पुष्कळजण काढतात. पण ते बरोबर नाही. कमाल दाब सारखाच ठेवला, तर मॅग्नममध्ये सावकाश दारू बहुधा आखूड नळीतही अधिक वेग देते. दोहोंतील फरक तेवढा कमी होतो. ज्वाळा, आवाज व हाताला बसणारा धक्का मात्र वाढतो.

दोन्हींत धोके आहेत. जलद दारू मोठ्या कवचाचा थोडाच भाग व्यापते. चुकून दुप्पट पडली तरी ध्यानात येत नाही आणि रिव्हॉल्व्हरचे चक्र फुटू शकते. उलट, सावकाश दारूचे काही प्रकार ठरल्यापेक्षा कमी भरल्यास नीट पेटत नाहीत व गोळी नळीतच अडकते. तिच्यामागून दुसरी गोळी सुटली, तर नळी फुगते किंवा फाटते.

आपल्या शेतकऱ्यांशी या विषयाचा संबंध ठासणीच्या बंदुकीमुळे येतो. पीकसंरक्षणासाठी परवान्यावर बाळगलेली ही बंदूक काळ्या दारूसाठी बनविलेली असते. काडतूस फोडून त्यातील बिनधुराची दारू तितक्याच मापाने तीत ठासली, तर तो दाब नळीला सोसवत नाही. हात, डोळा, प्रसंगी प्राणही गमवावा लागतो. नळी लांब आहे म्हणून हा धोका टळत नाही, कारण सर्वाधिक दाब गोळी जेमतेम हललेली असतानाच, नळीच्या बुडाशी उत्पन्न होतो.

शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्याशिवाय दारूगोळा तयार करण्यास मनाई आहे. या मनाईमागील शास्त्रीय कारण शिक्षकांनी व ग्रामपंचायतींनी गावकऱ्यांस समजावून दिल्यास अनेक अपघात टळतील.