आईचे पाय आणि आपलं घराणं

अगं मनू, "आपल्या घराण्यातच पायांत जोर नाही, आजीचं झालं तेच आईचं होणार," असं तू फोनवर म्हणालीस, ते मला सारखं टोचतंय. त्यात थोडं खरं आहे, म्हणूनच ते आईसमोर पुन्हा बोलू नकोस.

अंगातल्या ताकदीचं एक माप म्हणजे हाताची पकड; कुणाची घट्ट, कुणाची सैल. या फरकात आनुवंशिकतेचा वाटा मोठा, हे जुळ्यांच्या अभ्यासांत दिसलंय. स्नायूंच्या जोराशी जोडलेल्या एसीटीएन-३ या जनुकाचं प्रथिन तर जगातल्या साधारण पाचांतल्या एकाच्या स्नायूंत तयारच होत नाही. पण अशी माणसंही आयुष्यभर धडधाकट असतात. आणि हा सगळा हिशोब माणसामाणसांतल्या फरकाचा. आईच्या पायांत अजून किती जोर येईल, ते त्यावरून कळत नाही.

२०२१ मध्ये साठीपुढच्या अडीच लाखांवर लोकांचा एक अभ्यास आला. सगळे युरोपीय वंशाचे, म्हणून आपल्याला जसाच्या तसा लावू नये. पण कमजोर पकडीशी जोडलेल्या १५ जनुकीय जागांपैकी काही निघाल्या सांध्यांच्या झिजेशी आणि प्रतिकारशक्तीशी संबंधित! म्हणून सांगते, आईचे गुडघे आधी नीट दाखव. दुखतं म्हणून ती बसून राहते, आणि बसून राहिल्याने मांड्या वाळतात.

आपलं थोडं वेगळंही आहे. पुण्याच्या केईएममध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवलं की आपली बाळं जन्मतःच लहानखुरी, अंगात स्नायू कमी आणि चरबी मात्र टिकून. त्यात आईच्या पोटात मिळालेल्या पोषणाचाही हात असतो. आजीने गरोदरपणांत काय खाल्लं असेल, आठव जरा. सगळं रक्तावर कसं ढकलायचं?

आता आमच्या डनेडिनचं ऐक. इथे ओटागो विद्यापीठात जॉन कॅम्पबेल आणि क्लेअर रॉबर्टसन यांनी घरच्या घरी करायचा व्यायाम बसवला. १९९७ मध्ये निष्कर्ष छापून आले: ऐंशीच्या पुढच्या २३३ बायका, आणि व्यायाम करणाऱ्यांचं पडणं कमी झालं. कुणाचं जनुक तपासलं नव्हतं. त्याआधी १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या माणसांनी आठ आठवडे वजनं उचलली, तर पायांची ताकद दुपटीहून वाढली. आई तर चौऱ्याहत्तरचीच आहे गं.

घोट्याला बांधायची वजनाची पट्टी मिळते, हलकी घे. आईला खुर्चीत टेकून बसव आणि गुडघा सावकाश सरळ करायला लाव, सावकाशच खाली आणू दे. घाईत पाय आपटला तर फायदा नाही. मग ओट्याला धरून टाचा उचलायच्या, शेवटी हात न टेकता खुर्चीतून उठायचं; जमेल तितकंच. आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस विश्रांती. सोपं वाटायला लागलं की वजन वाढवायचं, हे विसरायचं नाही. नाहीतर ताकद तिथेच थांबते. आणि रात्री नुसता दूधभात नको, वाटीभर घट्ट वरण किंवा अंडं असू दे.

तुमच्या ऑकलंडमध्ये 'लिव्ह स्ट्राँगर फॉर लाँगर' या नावाने मान्यता असलेले ताकद आणि तोल सांभाळायचे वर्ग भरतात. तिथे चार बायका भेटतील, आईला तेच आवडेल. पण त्याआधी जीपीला भेट. उठताना तिला चक्कर येते असं म्हणालीस, ती बीपीच्या गोळीमुळे का, हे विचार, आणि ते कळेपर्यंत तिला एकटीने उभ्याचे व्यायाम करू देऊ नकोस.